छायामार्ग : नागपूरच्या रस्त्यांचा एक उपेक्षित इतिहास

रस्त्यांचा इतिहास आजवर बहुधा राजसत्ता, सैन्य आणि व्यापार या तीन अंगांनीच लिहिला गेला आहे. रस्ता कोणी बांधला, त्यावरून कोणाच्या फौजा गेल्या आणि कोणता माल आला, हे इतिहासकार कसोशीने नोंदवितो. परंतु त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काय होते, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. नागपूरसारख्या नगराच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. ज्या नगरातील उन्हाळा असा आहे, तेथे सावली ही रस्त्याची शोभा नसून रस्त्याचे एक अंगच होय.

अलीकडे या विषयाला एक नवे निमित्त मिळाले आहे. सायकलने जाणाऱ्यांच्या सोयीसाठी झाडांच्या सावलीचे रस्ते शोधून त्यांचे नकाशे तयार करावेत, असा विचार अनेक नगरांत पुढे येत आहे. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० साली सायकलस्नेही नगरांसाठी जी स्पर्धा योजिली, तीत २०२१ साली निवडल्या गेलेल्या ११ नगरांत नागपूरचा समावेश होता. तेव्हा असा नकाशा येथे व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि नकाशा करावयाचा म्हणजे नेमके काय मोजावयाचे, याचा निर्णय आधी व्हावयास हवा. झाडांची संख्या मोजून सावली मोजली जाते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शब्द, स्थलनामे आणि नगररचनेचा इतिहास यांच्या आधारे केला आहे.

प्रथम शब्दांची साक्ष पाहू. मौर्य सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वड लावविल्याचा उल्लेख आहे. तेथे वडाला ‘निगोह’ (संस्कृत न्यग्रोध) असा शब्द असून त्याचे विशेषण ‘छायोपग’, म्हणजे सावलीला उपयोगी पडणारा, असे आहे. ही सावली पशू व मनुष्य या दोघांसाठी आहे, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्याच लेखात विहिरींच्या अंतरासाठी ‘अढकोसिक्य’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ अर्धा कोस की आठ कोस, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. परंतु वाद अंतराच्या मापाचा आहे, अंतर ठरलेले होते याविषयी नाही. वड, आमराई, विहीर, विश्रामस्थान आणि पाणी पिण्याची जागा ही सर्व एकाच योजनेची अंगे म्हणून तेथे येतात. मराठीतील ‘पाणपोई’ या शब्दातील ‘पोई’ संस्कृत ‘प्रपा’ या शब्दापासून आलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या योजनेचा एक धागा आजच्या बोलीपर्यंत अखंड आल्याचे दिसून येते.

विदर्भाच्या दृष्टीने याहून जवळची साक्ष कालिदासाची आहे. नागपूरच्या ईशान्येस असलेले रामटेक हेच मेघदूतातील रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. त्या काव्याच्या पहिल्याच श्लोकात रामगिरीवरील आश्रमांच्या वर्णनात ‘छायातरु’ हा शब्द आला आहे. टीकाकार मल्लिनाथ कोशाचा आधार देऊन त्याचा अर्थ नमेरु नावाचा विशिष्ट वृक्ष असा करतो. हा अर्थ स्वीकारला काय किंवा दाट सावलीचे कोणतेही झाड असा सामान्य अर्थ घेतला काय, एक गोष्ट उरतेच. फळावरून किंवा फुलावरून नव्हे, तर सावलीवरून वृक्षाचा एक वर्ग भाषेने निराळा काढला होता.

मराठीच्या आरंभकाळात हीच दृष्टी गद्यात उतरलेली आढळते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे परिभ्रमण विदर्भ व मराठवाडा या भागांत झाले. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात या परिभ्रमणाच्या आठवणी आहेत. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. महानुभाव पंथातील स्थानपोथी हा ग्रंथ या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा आहे. स्वामी कोठे बसले, कोठे राहिले, ते स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, याची तीत तपशीलवार नोंद आहे. रेषेऐवजी शब्दांनी काढलेला हा एक नकाशाच होय. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात दोन गावांमधील अंतरापेक्षा थांबण्याच्या जागेला अधिक महत्त्व आहे. प्रवासाची जी कल्पना ‘मजल’, ‘मुक्काम’ आणि ‘विसावा’ या शब्दांत आहे, तीच येथे ग्रंथरूप झाली आहे. यांपैकी पहिले दोन शब्द अरबी-फारसीतून आलेले व तिसरा संस्कृतोद्भव आहे. परंतु तिन्ही शब्द प्रवास थांब्यांनी मोजतात.

स्थलनामांची साक्षही याच दिशेने जाते. नागपूरच्या आजच्या विस्तारात सामावलेल्या किंवा त्याला लागून असलेल्या वस्त्यांची नावे पाहावीत : चिंचभुवन, बाभुळखेडा, पिपळा, बोरगाव, बेलतरोडी. चिंच, बाभूळ, पिंपळ, बोर आणि बेल ही झाडे या नावांच्या आरंभीच दिसतात. अशी नावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात, म्हणून त्यांचे महत्त्व कमी होत नाही. गावाची ओळख झाडावरून ठरावयाची, तर ते झाड येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरणारे व दीर्घकाळ टिकणारे असले पाहिजे. दूरवरून वाटसरूला प्रथम दिसे ते झाड, आणि गावात शिरण्यापूर्वी तो टेकत असे तोही बहुधा झाडाच्या पारावरच. ज्या झाडाने नाव दिले ते आज नाही. नाव मात्र बसच्या पाटीवर राहिले आहे.

आता नगराच्या रचनेकडे वळू. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने बारा लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसविले, असे परंपरा सांगते. पुढे भोसल्यांच्या काळात महाल व त्याच्या भोवतालच्या पेठा वाढल्या. या जुन्या नगरातील गल्ल्या अरुंद होत्या आणि त्यांची सावली झाडांची नसून भिंतींची होती. दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या उंचीमुळे ऊन माथ्यावर येईपर्यंत गल्लीची एक कड थंड राही. झाडे होती ती बागांत : महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी ही नावे त्याची साक्ष देतात. म्हणजे भोसलेकालीन नगरात बागेची सावली आणि रस्त्याची सावली या दोन भिन्न वस्तू होत्या.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे झाले आणि १८६७ साली रेल्वे आली. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे सिव्हिल लाइन्सची वस्ती उभी राहिली. तेथे घरे विरळ, आवारे मोठी आणि रस्ते रुंद होते. भिंतींची सावली रस्त्यावर पडणे तेथे शक्यच नव्हते. ती उणीव दुतर्फा लावलेल्या झाडांनी भरून काढावी लागली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या परिभाषेत अशा लागवडीला ‘ॲव्हेन्यू’ हा शब्द रूढ झाला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘जवळ येण्याचा मार्ग’ एवढाच होता; मोठ्या वाड्याकडे नेणाऱ्या अशा मार्गांवर झाडे लावण्याची प्रथा असल्यामुळे पुढे त्याला ‘वृक्षराजीचा मार्ग’ हा अर्थ आला आणि त्यानंतर झाडे असोत वा नसोत, ‘रुंद रस्ता’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला. नागपूरच्या पूर्वभागातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे ‘सेंट्रल ॲव्हेन्यू’ हे नाव या शेवटच्या अर्थाचे आहे. शब्दाच्या अर्थातून झाड कसे गळून पडते, याचे हे एक उदाहरण होय.

याच काळात रस्ता मोजण्याची रीतही पालटली. १९०७ साली उभारला गेलेला म्हणून सांगितला जाणारा ‘झिरो माइल’ स्तंभ नागपूरचे भूषण मानला जातो. त्यावर निरनिराळ्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. स्थानपोथी आणि हा स्तंभ यांची तुलना उद्बोधक आहे. एकीत वाट म्हणजे थांब्यांची माळ आहे. दुसऱ्यावर वाट म्हणजे एक संख्या आहे. मैलाची संख्या मे महिन्यात आणि डिसेंबरात सारखीच असते. चालणाऱ्याचा अनुभव मात्र सारखा नसतो.

या रस्त्यांवर सायकल आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, आयात वस्तू म्हणून. तिला मराठीने प्रथम ‘पायगाडी’ हे अन्वर्थक नाव दिले. पायांनी चालणारी गाडी, म्हणजे चालणे आणि गाडी यांच्या मधली अवस्था, हे या नावात नेमके व्यक्त झाले होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रास येथे, १९५१ साली सोनिपत येथे आणि १९५६ साली लुधियाना येथे सायकलींचे मोठे कारखाने निघाले व ती सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. त्या ओघात ‘पायगाडी’ मागे पडून ‘सायकल’ स्थिरावली. ‘दुचाकी’ हा शब्दही काही काळ सायकलीला लागू होता. आज तो ऐकताच मोटारयंत्राचे वाहन डोळ्यांपुढे येते. ज्या वाहनाला भाषेने दोन नावे दिली, त्याच्यापासून ती दोन्ही काढून घेतली गेली, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

सायकलस्वाराला रस्त्याच्या झाडांचा वारसा आयता मिळाला. झाडे लावली गेली होती ती पायी चालणाऱ्यांसाठी व बैलगाड्यांसाठी; परंतु सायकलची जागा रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमकी झाडाच्या बुंध्याजवळ असल्यामुळे त्यांचा सर्वाधिक लाभ तिलाच झाला. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांतील कामगार, सचिवालयातील कारकून, महाविद्यालयांचे विद्यार्थी यांचे येणेजाणे ज्या काळात सायकलवर होते, त्या काळात हा लाभ कोणी नकाशावर मांडला नाही. त्याची गरजही भासली नसावी, कारण रस्ते अरुंद होते आणि झाडे उभी होती.

येथे सूर्याच्या गतीचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण त्याविना सावलीचा इतिहास समजत नाही. नागपूर सुमारे २१ अंश ९ कला उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर येथे सूर्य भरमध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यात सकाळी नवाच्या सुमारास आणि दुपारी सव्वातीन-साडेतीनच्या सुमारास तो क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. अर्थात त्या वेळी सावलीची लांबी झाडाच्या उंचीइतकी असते. शिवाय त्या ऋतूत सकाळचा सूर्य जवळजवळ थेट पूर्वेस व दुपारनंतरचा जवळजवळ थेट पश्चिमेस असतो. यावरून दोन नियम निघतात.

पहिला नियम दक्षिणोत्तर रस्त्यांचा. अशा रस्त्यावर सकाळी पूर्वेकडील रांगेची सावली रस्त्यावर पडते, दुपारनंतर पश्चिमेकडील रांगेची. रस्ता १० मीटर रुंद व झाड १२ मीटर उंच असेल, तर सकाळी नवाला ही सावली पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचते. तोच रस्ता ३० मीटर केला, की ती अर्ध्यातच संपते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. वर्धा रोडने चिंचभुवनकडून सीताबर्डीकडे सकाळी येणारा सायकलस्वार उत्तरेकडे जात असल्यामुळे पश्चिमेच्या कडेला असतो; त्याच्या बाजूच्या झाडांची सावली रस्त्याबाहेर पडते आणि समोरच्या रांगेची त्याच्यापर्यंत येत नाही. संध्याकाळी परतताना तो पूर्वेच्या कडेला असतो आणि तीच स्थिती उलट दिशेने पुन्हा येते. याउलट कामठीकडून सकाळी नगरात येणारा व संध्याकाळी परतणारा दोन्ही वेळा सावलीच्या कडेला असतो. झाडांची संख्या दोन्ही रस्त्यांवर सारखी धरली तरी एकाला दोन्ही वेळा छाया आणि दुसऱ्याला दोन्ही वेळा ऊन, असा हा भेद आहे.

दुसरा नियम पूर्व-पश्चिम रस्त्यांचा. अमरावती रोड किंवा सेंट्रल ॲव्हेन्यू यांसारख्या रस्त्यांवर उन्हाळ्यात सकाळ-दुपारची सावली रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे एका झाडाकडून दुसऱ्याकडे, पसरते. येथे रुंदीला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते दोन झाडांमधील अंतराला. रांग अखंड असेल तर कडेने जाणाऱ्याला दोन्ही दिशांनी सावली मिळते. रांगेतील एक झाड गेले, तर तेवढा तुकडा उघडा पडतो. म्हणून दक्षिणोत्तर रस्त्याची सावली रुंदीकरणाने जाते, आणि पूर्व-पश्चिम रस्त्याची सावली एकेक झाड तुटल्याने जाते. पहिली हानी एका निर्णयाने होते व तिची चर्चा होते. दुसरी हळूहळू होते व ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

झाडांच्या जातीचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. नागपूरच्या परिसरातील वने पानझडी आहेत. साग आणि पळस ही तेथील प्रमुख झाडे उन्हाळ्याच्या आरंभी निष्पर्ण होतात. म्हणून वनात विपुल असलेली ही झाडे जुन्या लोकांनी रस्त्यासाठी निवडली नाहीत. त्यांची निवड वड, चिंच, आंबा, पिंपळ व कडुनिंब यांवर स्थिरावली. यांपैकी चिंच व आंबा बाराही महिने हिरवे असतात. पिंपळ व निंब पाने गाळतात, परंतु ऐन उन्हाळ्यापूर्वी नवी पालवी धारण करतात. गुलमोहर हा मादागास्करचा वृक्ष मागाहून आला. त्याचा बहर नेत्रसुखद खरा. पण उन्हाळ्याच्या पूर्वार्धात त्याच्या फांद्या बहुधा उघड्या असतात. फुलांसाठी लावलेले झाड आणि सावलीसाठी लावलेले झाड यांतील हा फरक ‘छायातरु’ हा शब्द वापरणाऱ्यांना ठाऊक होता.

नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा १९३६ साली झाला, १९५१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि नगराची वाढ योजनाबद्ध होऊ लागली. पुढे मोटारींच्या संख्येबरोबर रस्ते रुंद होत गेले. वर्धा रोडवर १३ नोव्हेंबर २०२० रोजी खुला झालेला, मेट्रो आणि उड्डाणपूल एकाच खांबांवर वाहणारा ३.१४ किलोमीटरचा दुमजली मार्ग ही या वाढीची सर्वात भव्य खूण. त्याची सावलीही भव्य आहे. परंतु उन्हाच्या सर्वात कडक वेळी ती रस्त्याच्या मधोमध पडते, आणि सायकलस्वार असतो कडेला. सावली आहे, पण ती जेथे पडते तेथे त्याला जागा नाही.

कायद्याने झाडांची दखल घेतली नाही असे नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण व ठरावीक मुदतीने वृक्षगणना यांची तरतूद आहे. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष स्थान मिळाले. २०१६ साली नागपुरात उष्णतेच्या लाटेविरुद्धची कृती योजनाही आखली गेली. तथापि गणनेचा एकक झाड हा आहे. तोडलेल्या झाडाऐवजी दुसरीकडे रोपे लावली की हिशेब जुळतो. वर्धा रोडच्या पूर्व कडेची सकाळची सावली मात्र त्या हिशेबात कोठेच नसते, कारण ती कधी जमेलाच धरलेली नव्हती.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सायकलस्वारांची संख्याच आता घटली आहे. मग एवढा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात कारण आणि कार्य यांची अदलाबदल होण्याचा संभव आहे. ज्याला दुसरे वाहन घेणे शक्य आहे, तो उन्हाचा रस्ता सोडून त्या वाहनाकडे वळतो. उरतो तो ज्याला पर्याय नाही : बांधकामावर जाणारा मजूर, फेरीवाला, रात्रपाळी करून सकाळी घरी परतणारा पहारेकरी, शाळकरी मुलगी. त्यांच्या दृष्टीने सावलीचा नकाशा ही हौसेची वस्तू नाही. एप्रिल-मेमध्ये उघड्या रस्त्याने रोज दोन वेळा जाणे हा प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि उन्हाच्या झटक्याने माणसे दगावतात हे विदर्भात कोणालाही सांगावयास नको.

तेव्हा नागपूरचा छायामार्गांचा नकाशा करावयाचा, तर तो एक नसून अनेक असावयास हवेत : सकाळचा व संध्याकाळचा वेगळा, नगराकडे येणाऱ्याचा व परतणाऱ्याचा वेगळा, मे महिन्याचा व डिसेंबराचा वेगळा. प्रत्येक रस्त्याची दिशा, रुंदी, झाडाची जात, उंची आणि दोन झाडांमधील अंतर ही त्याची मूळ सामग्री होय. यांपैकी पुष्कळशी आजच्या पाहणीने मिळेल. उरलेली इतिहासाच्या अभ्यासकाने मिळवावयाची आहे : जुने नगरमापन नकाशे, बांधकाम खात्याची दप्तरे, वस्त्यांची नावे आणि ज्यांनी या रस्त्यांवरून सायकली चालविल्या त्या वृद्धांच्या आठवणी. कोणती रांग कधी होती आणि कधी गेली, हे यांतून कळेल. हे कळल्यावाचून कोठे पुन्हा लावावयाचे, हे ठरविता येणार नाही. आणि वडाचे रोप आज लावले, तरी त्याची सावली रस्त्यापर्यंत येण्यास पुढची पिढी उजाडावी लागते. आठवणी सांगणारे मात्र तोवर थांबणार नाहीत. म्हणून या कामाचा आरंभ त्यांच्यापासून व्हावा, हे उचित.